ऑथोराइज करणारे सुभेदारमामा

सुभेदारमामांनी मला एकदा अधिकार दिला आणि मी मूर्खासारखा तो सगळ्या नातेवाइकांत वाटून टाकला. अधिकार त्यांच्याच डाव्या पायाचा होता.

मामा फौजेतून साताऱ्याला परतले ते एक ट्रंक आणि एक इंग्रजी क्रियापद घेऊन : ऑथोराइज. हक्काचं असेल ते ऑथोराइज. "सकाळी दोन चहा ऑथोराइज हायेत मला." परवानगी म्हणजेही ऑथोराइज. शेजाऱ्यानं दारात रिक्षा लावली की, "कुणी ऑथोराइज केलं?" साखर वाढल्यावर मामींनी दुसरा चहा बंद केला, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मामी म्हणाल्या, "डाक्टरनं. आन् डाक्टरला मी." मामांनी मुकाट्यानं कप पालथा घातला. वरून आलेल्या हुकमापुढं ते बोलत नसत.

त्या शब्दाचा तिसरा अर्थ मला इस्पितळात कळला. मामांच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळून पाऊल काळं पडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "विष वर चढतंय. पाय आजच कापावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. सही कोण करणार?" तापानं फणफणलेल्या मामांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्या भाच्याला ऑथोराइज केलंय. आपल्याच पायाचं आपल्याला ठरवता येत न्हाई, गड्या."

मी बाहेर जाऊन फोन लावत सुटलो. उंब्रजचे थोरले मामा म्हणाले, "घाई नको, आधी वैद्याला दाखवू." मामांचे सांगलीचे साडू म्हणाले, "तिथं कशाला? हिकडं आणा." मलकापूरची मावशी नुसतीच रडली. नर्स एकदा बोलावून गेली. दुसऱ्यांदा आली ती सहीचा कागद आणि पेन घेऊनच.

आत गेलो. मामांना धाप लागली होती. "काय ठरलं?"

"सगळ्यांना विचारतोय, मामा."

"सगळ्यांना मी ऑथोराइज केलं न्हाई. तुला केलंय." त्यांनी डोळे मिटले. "चुकलास तर चुकलास. त्येबी ऑथोराइज हाय."

मामींनी त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि माझ्याकडं बघितलं. मी सही केली. ती अशी वेडीवाकडी आली, की डॉक्टरांना नाव विचारून घ्यावं लागलं.

मामा वाचले. कुबडी आपटत बरीच वर्षं त्या रिक्षावाल्याला दटावत राहिले. पायाचा विषय मीच एकदा काढला, तर म्हणाले, "हुकूम माझा, सही तुझी. तू का झोप घालवतोस?"

गेल्या वर्षी ते गेले. दहाव्याला माहुलीच्या घाटावर मामींनी पिंडाशेजारी चहाचे दोन कप ठेवले. कावळा झाडावरून खाली उतरला, पण शिवेना. सगळे माझ्याकडं बघू लागले, की गेलेल्याला काहीतरी शब्द दे. मामींना सांभाळीन म्हणावं, की घराचं काही बोलावं? माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडं गेला.

मामी म्हणाल्या, "आता कावळ्याचंबी उंब्रजला इचारतोस का रं?"