नवसाबाईचा रात्री नऊचा कोंबडा

गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते आणि एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, "काय हो, कसल्या गोळ्या?" म्हणून आमची नवसाबाई प्रत्येक नव्या माणसाला पहिला धडा देते तो कापसाचा. बाटलीत कापूस कोंबायचा. मग धावत जिना उतरलात तरी आवाज नाही. दुसरा धडा कोंबड्याचा. त्याच माणसाच्या हातातून फोन काढून घेते, रात्री नऊचा गजर लावते आणि त्याला कोंबड्याचं आरवणं जोडून देते. म्हणजे बाटली मुकी आणि फोन बोंबलतोय! हे शहाणपण कुठल्या शाळेत शिकवतात, असं मी तिला कितीदा विचारलं. ती म्हणते, "सकीना, तुला राग लय येतो. गोळी घेतली का?"

मी सकीना, जुन्या नाशकातली. आम्हा दोघींनाही एचआयव्ही आहे, दोघींनाही तो नवऱ्याकडून आला आणि दोघींचेही नवरे त्यातच गेले. आमच्यासारख्याच लोकांनी मिळून चालवलेली आमची एक संस्था आहे, द्वारका चौकाजवळ दोन खोल्यांत. तिथे कुणी कुणाला लांबून "घाबरू नका" म्हणत नाही. जवळ बसतं आणि आपली बाटली दाखवतं.

नवसाबाई पेठकडच्या एका पाड्यावरची. नवऱ्याबरोबर द्राक्षाच्या बागांत कामाला खाली उतरली. नवरा गेला तेव्हा ती पोटुशी होती, आणि सासरी तिचा तांब्या वेगळा ठेवला गेला. बाईनं तो तांब्या उचलला आणि सरळ नाशिक गाठलं. "तांब्या तरी माझा हाय ना," म्हणाली. औषधं वेळेवर घेतली, तृप्ती जन्माला आली आणि तिच्या तपासण्यांत काही निघालं नाही. आता तृप्ती कॉलेजात जाते आणि आईचं मराठी सुधारते. आई सुधारत नाही.

एकदा एका खासगी दवाखान्यानं आमच्या एका मुलीचं बाळंतपण करायला नकार दिला. मी भांडायच्या तयारीनं बाह्या सरसावून गेले. नवसाबाईनं मला गप्प बसवलं आणि आम्हा सगळ्यांना डबे घेऊन तिथल्या बाकांवर बसवलं. मग आल्यागेल्या पेशंटांना नागलीची भाकरी आणि ठेचा वाढत, आम्ही इथे का बसलोय ते ती प्रत्येकाला निवांत सांगू लागली. दुपार व्हायच्या आत डॉक्टरांना कायदा आपोआप आठवला. बाळंतपण तिथेच झालं. पेढे आम्ही वाटले.

तर तो कोंबडा. तो साधासुधा नव्हे, तिच्या भावाच्या, चिमाजीच्या, खुराड्यातला. तृप्तीनं त्याचा आवाज फोनवर भरून आणला. आरवून झालं की शेवटी त्याला उचकी लागते. त्यामुळे कुठेही रात्री उचकीवाला कोंबडा आरवला की समजायचं, आपलं माणूस. आणि तुम्ही हसाल, पण संस्थेत वेगवेगळ्या दिवशी येणाऱ्या सविता आणि हिरामणचं असंच जमलं. सिन्नरच्या स्टँडवर ती कारखान्यातून सुटून गाडीची वाट बघत होती, तो चहा पीत होता. दोघांचे कोंबडे एकदम आरवले, एकदम उचकले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोरानं चहा सांडला. पुढच्या महिन्यात दोघं संस्थेत लाजत उभे, आणि नवसाबाई अशी मिरवत होती की जणू कोंबड्यानं तिला विचारूनच सगळं केलं.

लग्न ठरलं. अडचण एकच, हिरामणचे चुलते रावजीतात्या. हिरामणचा बाप लवकर गेला, तात्यांनीच त्याला वाढवलं. घर त्यांचं, शब्दही त्यांचाच. हिरामणच्या आईला, भागीबाईला, सगळं ठाऊक होतं. तात्यांना काहीच नाही. "तात्यांना कळलं तर मांडव उभा राहायचा नाही," हिरामण म्हणायचा.

सविताला मात्र सांगूनच लग्न करायचं होतं. ती चांदवडकडची. तिच्या पहिल्या लग्नात सासरच्या सगळ्यांना मुलाचा आजार माहीत होता, फक्त हिला नव्हता. मेहंदीच्या हातांनी ती त्या फसवणुकीत जाऊन बसली. तिनं नवसाबाईकडे पाहिलं. नवसाबाईचा नियम पक्का. "ज्याचं गुपित त्याच्या तोंडात. दुसऱ्यानं जीभ हलवायची नाय. तुमी दोघं ठरवा." दोघांनी ठरवलं, लग्नानंतर सांगू. सविता हो म्हणाली, पण चेहरा उतरला होता.

लग्न सिन्नर तालुक्यात, हिरामणच्या गावी. मुहूर्त संध्याकाळी साडेसहाचा. आम्ही "नवरीच्या मैत्रिणी" म्हणून गेलो, नट्टापट्टा करून, जीपमध्ये कोंबून. नऊला तर परतीच्या वाटेवर असू, जीपमध्येच गोळ्या घेऊ, असा नवसाबाईचा हिशेब. पेठच्या पाड्यावर लग्नं वेळेवर लागतात की काय देव जाणे! आमच्याकडे वरात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत यायलाच अंधार पडला. हिरामणचे मित्र बेंजो पार्टीपुढून हलेनात. ते हलले तर माइकवाला सुटला. आजी सरपंच, माजी सरपंच, होऊ घातलेले सरपंच, सोसायटीचे चेअरमन, एकेकाला टोपी-उपरणं, एकेकाचा सत्कार. मी दोनदा उठून भांडायला निघाले, दोनदा नवसाबाईनं पदर ओढून खाली बसवलं.

शेवटी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. गुरुजींनी शेवटचं "सावधान" म्हणायला छाती भरून घेतली, मांडव चिडीचूप झाला, अक्षतांच्या मुठी वर गेल्या.

आणि कोंबडा आरवला.

पहिला माझ्याच पर्समधून. मग तृप्तीच्या मांडीवरच्या आईच्या पिशवीतून. मग आमच्या रांगेतून एकापाठोपाठ एक. मग करवलीच्या हातातल्या नवरीच्या फोनमधून. आणि अंतरपाटाच्या पलीकडून, नवरदेवाच्या शेरवानीच्या खिशातून! सगळ्यांना शेवटी उचकी. पोरंटोरं "कुकुचकू" करू लागली. मागच्या वस्तीवरचे खरे कोंबडे जागे झाले आणि पहाट झाली समजून त्यांनीही सूर लावला. कुत्री भुंकायला लागली. गुरुजींचं "सावधान" घशातच राहिलं. हसावं की जमिनीत गडप व्हावं, मला कळेना. मी दोन्ही हातांनी पर्स आवळून धरली, तर ती आणखी जोरात आरवायला लागली.

रावजीतात्या पुढे आले. भरदार मिशा, डोक्यावर फेटा. "हे काय चाललंय? नवरीकडचे समदे कोंबडे खिशात घालून फिरतेत का? आन हिऱ्या, तुझ्याबी खिशात?"

नवसाबाईकडे आम्हा सगळ्यांचे डोळे. जिला मी आयुष्यात गप्प पाहिलं नव्हतं ती पदर तोंडाला लावून उभी. नियम तिचाच, आणि गुपित तिचं एकटीचं नव्हतं. मग मीच थाप मारली. "स्कीम होती तात्या. एकाच दुकानातून सगळ्यांनी घेतले फोन. दुकानदारानेच कोंबडा भरून दिलाय, निघतच नाही मेला."

"आसं व्हय," तात्या म्हणाले आणि हसले. हसले हो! "गुरुजी, चालू द्या." मांडव वाचला होता. गोळी अर्धा तास उशिरा घेतली तर काही बिघडत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. सवितालाही.

तरी ती बोलली. मुंडावळ्या बाजूला सारून, खणखणीत. "तात्या, स्कीम नाही. मला एचआयव्ही आहे. रोज या वेळेला माझी गोळी असते. पहिल्या लग्नात मला कुणी सांगितलं नव्हतं. या लग्नात मी लपवून उभी राहणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी जाते परत."

नवरीनं फक्त स्वतःचं सांगितलं, हिरामणचं नावही घेतलं नाही. मी हिरामणचे पाय बघत होते, अंतरपाटाखालून तेवढेच दिसत होते. मनात म्हणत होते, पोरा, आता गप्प राहिलास तर मी तुला सोडायची नाही.

"माझीपण वेळ झालीय, तात्या," अंतरपाटामागून आवाज आला. रडवेला, पण आला.

नवसाबाईनं तोंडावरचा पदर काढला. आता जीभ हलवायला ती मोकळी होती.

तात्यांनी अंतरपाट हातानं खाली दाबला. "कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"चार वर्षं! आन मला आज सांगतो, कोंबडं आरवल्यावर? मी चुलता हाय का वाटसरू?" त्यांचा आवाज फाटला. मला वाटलं, आता हात उठतो. उठला तो डोळे पुसायला. मग ते नवसाबाईकडे वळले. "तुमी यांच्या पुढारी दिसता. पोरंबाळं व्हतील का यांना? नीट व्हतील?"

"व्हतील, तात्या. गोळी नीट घेतली तर धडधाकट व्हतील. एकत्र जेवून, एका भांड्यातलं पिऊन काय व्हत नाय. ही बघा माझी तृप्ती. मला हाय, हिला नाय. कॉलेजात जाती आन मलाच शिकवती."

"आई, 'जाते'," तृप्ती म्हणाली.

लोक हसले. सगळे नाही. चार माणसं उठून गेली. त्यातली दोन जेवून गेली, हे मी स्वतः पाहिलं. पण भागीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आधी सविताला दिला, मग त्याच तांब्यातलं मुलाला. माइकवाल्याला सवयीनं राहवेना. "वऱ्हाडी मंडळींना नम्र विनंती, ज्यांच्या गोळ्या राहिल्यात त्यांनी घेऊन घ्याव्यात, लगेच अक्षता पडतील!" आम्ही रांगेनं उभ्या राहून, भर मांडवात, सगळ्यांच्या देखत गोळ्या घेतल्या. मी इतकी हसत होते की पाणी नाकात गेलं. आणि रडतही होते, खोटं कशाला बोलू.

"मंग थांबलाय कशाला गुरुजी?" तात्या ओरडले. "म्हणा सावधान!"

पंगतीत घास भरवायची वेळ आली. तात्या मुद्दाम नवरानवरीच्या शेजारच्या पाटावर बसले. बायकांनी सविताला उखाण्यासाठी भरीस घातलं. तिनं जिलबी हातात धरली, खाली मान घालून हळूच म्हणाली,

"रात्री जेवण झालं की लागते गोळी आणि पाणी,
हिरामणराव माझे राजा, मी त्यांची राणी."

आमच्या रांगेत टाळ्या पडल्या. पलीकडच्या रांगा शांत होत्या. ऐकू आलं नव्हतं की ऐकायचं नव्हतं, कोण जाणे. तात्यांनी घास खाली ठेवला आणि उष्ट्या हातानंच माइकवाल्याला बोलावलं.

"सूनबाई, परत घे," ते म्हणाले. "मागच्यांना ऐकू नाय आलं."