पुरावा दाखाड

“लाजू नको बहीन. सगळं खोलीसन सांग. काय कराले लावस तो तुले?”

नानांनी असं विचारलं आणि सतरंजीवरचे पुरुष थोडे पुढे सरकले. मी उभी होते. पंचांपुढे बाईने बसायचं नसतं. कडेवर पोर झोपलेली, डोक्यावरचा पदर घामाने ओला. सुरतेच्या लिंबायत भागात समाजाच्या हॉलमध्ये बैठक भरली होती. मला नवऱ्याकडे परत नांदायला पाठवायचं की नाही, ते ही माणसं ठरवणार होती. मला काय पाहिजे, ते कोणी विचारत नव्हतं.

नाना म्हणजे आमच्यातले मोठे पंच. कपाळाला गंध, पांढरी टोपी. सुरतेत खानदेशातल्या कुणाचा संसार मोडायला आला की आधी नानांच्या पाया पडायचं. मीही पडले होते.

जेवढं तोंडातून निघालं तेवढं मी सांगून टाकलं होतं. नवरा लूमच्या खात्यात, कापडाच्या कारखान्यात, कारागीर. पाळी संपवून आला की कानात वायर आणि हातात मोबाईल. आधी पाठ करून नागड्या बायांचे व्हिडिओ बघायचा. मग तेवढी लाजही सोडली. तोंडात भाकरीचा घास आणि डोळे त्या घाणीत. माझ्याशी बोलणं संपलं, नुसता हुकूम राहिला. “हाई देख. अशी कर.” नाही म्हटलं की मार. दारावरून भाजीवाली मावशी गेली, तर तिच्या म्हाताऱ्या अंगाबद्दलही असं काही बोलायचा की मला ओकारी यायची. बाई म्हणून कोणी माणूस असतं, हेच तो विसरला होता. सासूच्या कानावर घातलं, तर ती म्हणाली, “माणूस शे तो, देखस. बाहेर त जास नही ना?” घरातलं घरात सडलं तर चालतं आमच्याकडे.

मग एका दुपारी पिठाच्या डब्याला टेकवलेला मोबाईल दिसला. तोंड खाटेकडे. सगळं झाल्यावर मी उठले तेव्हा दिसला. काचेवर रेकॉर्डिंगचे आकडे पळत होते. रोज ज्या बायांना तो बघायचा, त्यांच्यात त्याने मला नेऊन बसवलं होतं. मी पोर उचलली आणि गोडादऱ्याला आईकडे निघून आले.

एवढं ऐकूनही नानांचं पोट भरलं नव्हतं.

“मंग? मंग काय करं त्यानी?”

प्रत्येक ‘मंग’ नंतर ते ओठावरून जीभ फिरवत. आधी मला वाटलं, न्याय करायचा म्हणून विचारत असतील. वडीलधारा माणूस, बहीण म्हणतोय. मग मागे एक जण फिसकन हसला, शेजारच्याने त्याला कोपर मारलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे डोळे माझ्या ओळखीचे होते. माझ्याच घरात रोज ताटावर बसायचे.

नवरा म्हणाला, “खोटी बोलस ती. कसाना व्हिडिओ?”

नानांनी हात पुढे केला. “शे का नही, पुरावा दाखाड. देखाशिवाय न्याय कसा व्हई?”

आणि तो हसला. आत्ताच नाही म्हणणारा माझा नवरा हसला, खिशातून मोबाईल काढला आणि त्याचं कुलूप उघडलं. पाच माना एका ठिकाणी गोळा झाल्या. अंगावरून पाल सरकावी तसं झालं मला. बैठकीला येताना होती ती भीती कुठल्या कुठे गेली. उरली नुसती किळस. नवऱ्याची, नानांची, त्या गंधाची, मी धरलेल्या त्या पायांची.

मी मोबाईल नवऱ्याच्या हातातून हिसकावला.

“देखा ना. पन पयले घरमाईन बाया बलावा. आपापली सून, आपापली पोटनी आंडेर. त्यासना समोर देखा.”

नानांनी टोपी काढली, परत घातली. दाराबाहेर बसलेली माझी आई रडत म्हणाली, “दी टाक तो मोबाईल, माय.” आजवर तिचा शब्द मी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. मोबाईल पदरात बांधला आणि भर उन्हात पोलीस ठाण्यात गेले. तिथली बाई फौजदार गुजराती बोलायची, माझी गुजराती मोडकी. तरी तिने आधी खुर्ची दिली, मग तक्रार लिहून घेतली. मोबाईल माझ्यासमोर पाकिटात घालून सील केला. तो उघडून बघायची तिला घाई नव्हती.

आता रोज कोणीतरी निरोप घेऊन येतं. केस मागे घे, समाजाची अब्रू जाते. उद्या तुझ्या पोरीला कोण करील? आईही तेच म्हणते आणि माझ्याकडे पाठ करून चूल फुंकत बसते. मी म्हणते, बाईची अब्रू मांडीवर घेऊन बघायला बसलेल्यांच्या घरात माझी पोर जायचीच नाही. नाही झालं लग्न तर नाही झालं. पोटापुरतं मी तिला शिकवीन.

कोर्टाच्या तारखेला मी जाणार आहे. नवऱ्याचं नाव घेईन आणि नानांचंही घेईन. आई सोबत आली तर बरं. नाही आली तर एकटी जाईन.