तार विसरत नाही

उडताना विमानाचा पंख गरजेप्रमाणे आकार बदलू शकला, तर इंधन वाचतं. अशा पंखाचा हातभर नमुना आम्ही येरवड्याच्या पुढे एका शेडमध्ये बनवत होतो. मी इंजिनियर आणि माझ्या जोडीला नागपूरकडचे एक वयस्कर तंत्रज्ञ. मी त्यांना काका म्हणायचे. पंखाच्या मागच्या लवचीक कडेत धातूच्या बारीक तारा होत्या. काका त्या साच्यावर वाकवून भट्टीत तापवायचे. नंतर सरळ केल्या, तरी विजेने ऊब दिली की त्या पुन्हा तशाच वाकायच्या आणि कड झुकायची.

"तार विसरत नाही, मॅडम," काका म्हणायचे.

मार्चमध्ये ते अचानक गेले. हार्ट अटॅक.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, मी शेडमध्ये एकटीच डबा खात होते. पंखाची विजेची वायर मीच काढून ठेवलेली. टेबलावरची कड हळूच खाली झुकली. जराही आवाज नाही. घास माझ्या तोंडातच राहिला. थोड्या वेळाने ती आपली आपण वर आली.

खिडकीतून ऊन येत होतं, त्यानेच तारा तापल्या असणार. मी काचेवर पुठ्ठा लावला. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला कड पुन्हा झुकली. हात लावला, तर गार.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "भुताची नोंद करायला आपल्याकडे रकाना नाही. तारा बदला."

बदलल्या. जुन्यांतली एक घेऊन मी कर्वेनगरला काकूंकडे गेले. काकांच्या हातची आठवण म्हणून. गरम पाण्याच्या पेल्यात तार सोडली, तशी ती वळली. काकू कितीतरी वेळ पेल्यात बघत राहिल्या.

"ठेवू का मी?"

"तुमचीच आहे."

महिन्याभराने त्यांचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "रोज दुपारी पाण्यात घालते मी ती. काल पाणी तापवायचंच राहिलं."

"मग?"

"तरी वळली."

"ऊन पडलं असेल, काकू."

"आमच्या स्वयंपाकघरात ऊन येत नाही गं," त्या शांतपणे म्हणाल्या. आवाजात भीती अजिबात नव्हती.  तार परत मागावी असं मनात आलं, पण मागितली नाही. त्यांनी ती दिली नसती.