बोगद्याबाहेरची चीर

कोयनानगरच्या वरच्या डोंगरात आमचा चाचणी बोगदा होता. अणुभट्टीतला कचरा कधीकाळी खोल जमिनीत पुरायचा, तर खणताना भोवतीचा खडक किती दुखावतो, हे आधी कळायला हवं. तिथं फक्त तेवढंच शिकायचं होतं. कचरा इथं यायचाच नव्हता; भूकंपाच्या मुलखात कोण आणेल? पण हे मी गावात इतक्यांदा सांगितलं, की माझं मलाच ते खोटं वाटू लागलं.

सुरुंग उडाला की माणसं चहाला जायची आणि माझं काम सुरू व्हायचं. खडकात भोकं पाडून बसवलेली यंत्रं आतली तडतड टिपायची. कानाला काही ऐकू येत नसे, नुसत्या पडद्यावर रेषा थरथरायच्या. त्या निवेपर्यंत मी पत्र्याच्या खोलीत एकटी बसून असे.

मी सांगलीकडची, जैन घरातली. कांदा-लसूण नाही, दिवस बुडाल्यावर जेवण नाही. गावातल्या एक मावशी माझ्यासाठी वेगळी आमटी करायच्या आणि समोर बसून हसायच्या, "आगं, चव तरी लागती का तुला?" दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस.

एका दुपारी जमीन हलली. पत्रा खडखडला. धक्का लांबचा होता, खूप खोलातला. त्या दिवशी आम्ही सुरुंगही उडवला नव्हता. संध्याकाळी गेले तर मावशी उंबऱ्यातच उभ्या.

"आज जेवाण न्हाई."

"मावशी, तो धक्का आमचा नव्हता. यंत्रात दिसतंय."

"यंत्र खरं आसंल तुझं. पर लय भूकंप बघितल्यात मी, ह्या घराची भिंत कवा चिरली न्हवती. तुमी डोंगर पोकळ केला, तवा चिरली."

मी मागं फिरले. खोलीवर येऊन दिवस बुडायच्या आत बिनतिखटाची खिचडी टाकली. बरेच दिवस तीच खाल्ली. पुढं-पुढं तर स्वतःचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून पडद्यावरचे आकडे मोठ्यानं वाचायचे.

शेवटी काचेची पट्टी आणि प्लॅस्टर घेऊन मी मावशींकडे गेले. विचारून चिरेवर पट्टी आडवी बसवली. "आमच्या सुरुंगानं चीर वाढली तर ही काच तडकेल. मग मला बोलवा, मीच तुमच्या बाजूनं लिहून देईन."

 दर आठवड्याला मी बघायला गेले की दार उघडं असे. काच शाबूत राहिली. एकदा त्यांनी ताट वाढलं. आमटी तशीच, कांद्याशिवायची. फक्त आता त्या समोर बसत नसत. चुलीपाशी पाठमोऱ्या राहत.

काम संपलं तेव्हा त्यांनी फडक्यात भाकरी बांधून दिली. परत ये म्हणाल्या नाहीत, येते असं मीही म्हणाले नाही. एसटीनं पाटण ओलांडल्यावर मी ती भाकरी खाल्ली. शेजारची सीट कराडपर्यंत रिकामीच होती.