वस्त्रगाळ पीठ

नवरा न्हाणीघरात शिरला की कुंदाबाई हातातलं काम टाकून दाराबाहेर येऊन उभ्या राहत. आत किती वेळ लागतो, बाहेर येताना चेहरा कसा दिसतो, भिंत धरून चालावं लागतं का, सगळं त्यांना बघायचं असे. "काहून गं, पहाऱ्यावर बसवलं काय तुले कोणी?" दीनानाथराव वैतागून म्हणत, पण आवाजात पूर्वीचा दरारा उरला नव्हता. तो उतरलेला आवाज ऐकून कुंदाबाई दाराला आणखी चिकटत.

यवतमाळच्या सरकारी कचेरीत हयात घालवलेला हा माणूस. उन्हाळ्यात न्यूमोनिया झाला, अँटिबायोटिक्सच्या गोळ्या, इंजेक्शनं झाली, छाती मोकळी झाली आणि पोट जे बिघडलं ते बिघडलंच. कधी जुलाब, कधी पोटाचा नुसता नगारा. अंगावरचं मांस झडलं, भूक तर पार मेली. थोरले दीर अवधूतराव असेच गेले होते. आधी "जरा पोट बिघडलंय" आणि मग आतड्याचा कर्करोग. त्यांचं दुखणं कुंदाबाईंनीच काढलेलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. या बाईचं मन तर रोज उठून तेच एक चिंतत होतं.

भ्यायल्या की कुंदाबाई स्वच्छतेच्या मागे लागत. त्यांचं माहेर मुकुटबनचं. तिथे लहानपणी विहिरीच्या पाण्याने हगवण लागून पाठचा भाऊ गेला, तेव्हापासून जंतू हा त्यांचा जन्माचा वैरी. पाणी उकळणार, गाळणार आणि संशय आला तर पुन्हा उकळणार! त्यात सासूबाईंची जुनी शिकवण होती, दुखणाइताच्या ताटात कोंड्याचा कण जाऊ द्यायचा नाही, तो आतड्याला टोचतो. झालं. ज्वारीची भाकर बंद. गव्हाचं पीठ आधी साध्या चाळणीने चाळलं. पोट सुधारेना, म्हणून मैद्याच्या चाळणीने. तरी सुधारेना, तेव्हा धुवट लुगड्याचा तुकडा पातेल्यावर बांधून पीठ वस्त्रगाळ करू लागल्या. त्या पांढऱ्या पिठाचे फुलके आणि मऊ भात. कोंडा जाई दारात येणाऱ्या गायीला.

"गाय तेवढी सुधरून राह्यली," दीनानाथराव म्हणाले. कुंदाबाईंना हसू आलं नाही.

शेवटी पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीची तपासणी केली. अहवाल येईपर्यंत कुंदाबाईंच्या घशाखाली घास उतरला नाही. अहवाल आला, आत गाठ नव्हती, वाईट असं काही नव्हतं. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवणात काय देता?" कुंदाबाईंनी वस्त्रगाळ पिठाचं सांगितलं, जरा अभिमानानेच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आतड्यात चांगले जंतूही असतात, अगणित. औषधांनी त्यातले बरेच मेले. जे वाचले त्यांचं खाणं म्हणजे आपल्याला न पचणारा कोंडा. तो खाऊन ते जे तयार करतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. तुम्ही त्यांच्या तोंडचा घासच काढून घेतलात. अख्ख्या धान्याचं द्या. एकदम नको, थोडं थोडं वाढवा. सुरुवातीला पोट फुगेल, गुरगुरेल. लगेच फरक दिसेल असं मात्र सांगत नाही."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! कुंदाबाईंना रिक्षात रडू कोसळलं. "मीच तुमच्या पोटावर उठली," त्या म्हणाल्या. दीनानाथरावांनी नुसता हात धरला. तो हात इतका हलका लागला की त्या आणखी घाबरल्या.

ज्यांना जन्मभर उकळून मारलं त्यांना आता खाऊ घालायचं! कुंदाबाईंनी ज्वारीच्या न चाळलेल्या पिठाची चतकोर भाकर वाढली, ती विषाची परीक्षा घ्यावी तशी. संध्याकाळी दीनानाथरावांचं पोट असं गुरगुरलं की पलंगापलीकडे ऐकू आलं. कुंदाबाईंची पाचावर धारण बसली. डॉक्टरीणबाईंचं बोलणं कुठल्या कुठे गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पातेल्यावर पुन्हा फडकं बांधलं.

दीनानाथराव भिंतीच्या आधाराने आत आले. "सोड ते."

"मले भेव वाटते हो."

"मले नाही वाटत काय? दादाचं मी नव्हतं पाह्यलं? पण भेवाभेवानं तू मले उपाशी मारशील."

ते स्वतःही भीत होते, हे त्या माणसाने तोवर कधी कबूल केलं नव्हतं. कुंदाबाईंनी गाठ सोडली. चतकोराची अर्धी भाकर झाली. कधी पोट बरं, कधी पुन्हा बिघडलेलं. न्हाणीघराच्या दाराशी त्या अजूनही उभ्या राहत, श्वास रोखून.

दिवाळी होऊन गेली. एका दुपारी त्या अंगणात कपडे वाळत घालत असताना आतून आरोळी आली, "कुंदा!"

त्यांच्या हातातलं धोतर मातीत पडलं. पडले! पडलेच असणार! अनवाणी धावत त्या आत गेल्या. दीनानाथराव ताटावर बसले होते, तोंड लालबुंद.

"कवाचा बसून राह्यलो! भाकर देतं, का जाऊ हॉटेलात?"

कुंदाबाईंनी कशीबशी भाकर थापली, तव्यावर टाकली आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागल्या.

"आता रडतं काहून? भाकर करपली ना तिकडे!" पुन्हा तीच आरोळी.

कुंदाबाईंनी करपलेली भाकर उलटली आणि रडायचं ते पोटभर रडून घेतलं.