झाकून ठेवलेला कॉम्प्युटर
जळलेल्या तारेचा आणि कोळशाच्या धुळीचा वास एकत्र आला, की मला चंद्रपूरचं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. मोठा भाऊ राजुऱ्याजवळच्या खाणीत होता. छाती साथ देईना, तेव्हा नोकरी सोडून त्याने घरातच झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं काम सुरू केलं. वहिनी माठापासून पाळण्यापर्यंत सगळं धुळीपासून झाकायची. तिने चालू कॉम्प्युटरही जुन्या साडीत घट्ट गुंडाळला आणि आतल्या आत तापून त्याचा मदरबोर्ड जळला. त्याच साडीत बांधून आम्ही तिघांनी तो दुकानात नेला. दुकानदाराने डबा उघडून ब्लोअर मारताच काळा लोट उठला. वहिनी आणि मी मागे सरलो, भाऊ तिथेच खोकत उभा राहिला. "व्होल्टेज वाढलं, त्यानं जळला," वहिनीकडे न पाहता तो म्हणाला. दुकानदाराने दुरुस्त केलेला जुना बोर्ड पुढे केला. "हा घ्या भाऊ, सालभर आरामात चालते." भावाने तो बाजूला सारला. "नवाच दाखवा, वॉरंटीवाला. झाकून ठेवला तरी टिकला पाहिजे. मी सालभर राह्यतो का नाई, मले मालूम नाई. हिले एकटीले इथी चकरा मारनं जमनार नाई." वहिनी साडीची घडी मोडून पुन्हा घालत राहिली. पुढचा पावसाळा भावाने पाहिला नाही. बोर्ड अजून चालतो. मी ब्लोअर घेऊन तो साफ करायला बसलो, की वहिनी घराबाहेर जाऊन उभी राहते.