फोन अकोल्यात, मी थायलंडात

परदेशात फोन आला तर तो घ्यायचा नाही, असा निर्णय मी विमानाचं तिकीट काढायच्याही आधी घेतला होता.

रोमिंग नावाचा प्रकार मला तत्त्वतः मान्य नाही. बोलणार समोरचा, रडगाणं त्याचं, आणि पैसे कोणाचे? माझे! अमरावतीच्या कोर्टात इतकी वर्षं वकिली करून मी एवढं तरी शिकलोय की, लोकांचं ऐकून घेण्याचे पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात.

पण फोन बंद ठेवायचीही सोय नव्हती. आमच्या मृण्मयीला पाहून गेलेल्या मंडळींचा निरोप यायचा होता. मुलाचे वडील मनोहरराव, अकोल्याचे निवृत्त मुख्याध्यापक. मुलगा उत्तम, आणि आमची पोरगी तर त्या दिवसापासून कारण नसताना गुणगुणत होती! निघताना मनोहरराव म्हणाले होते, "हो-नाई जे असन ते मी सोता तुमाले फोन करून सांगीन." त्यावर मी अगदी सहज (म्हणजे गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या सहज) सांगून टाकलं की, आम्ही उभयता थायलंडला चाललो आहोत.

मग मला युक्ती सुचली. माझ्या नंबरवर येणारे सगळे फोन मी अकोल्याला, माझा मेहुणा प्रभाकर याच्या मोबाइलवर वळवून ठेवले. फोन तो घेणार, निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणार, मी हॉटेलच्या फुकट वायफायवर वाचणार. खर्च शून्य!

"कोनाचाही फोन आला," मी प्रभाकरला बजावलं, "तं म्हन, वकीलसाहेब थायलंडले आहेत, निरोप सांगा."

"अन् त्यानं इचारलं, तू कोन, तं?"

"तं म्हन, मले वकीलसाहेबच समजा."

वाक्य माझं होतं. पुढे कोणाला दोष द्यायची सोयच राहिली नाही!

थायलंडात मी काय पाहिलं? वायफाय! गाइड म्हणे, "डावीकडे बुद्धाची मूर्ती," आणि मी उजवीकडे पासवर्डची पाटी शोधत असे. समुद्रकिनाऱ्यावर लोक लाटा पाहत होते, मी मोबाइल डोक्यावर धरून रेंज पाहत होतो. निरोप का येत नाही? नाही म्हणायचं असेल का? मृण्मयीला काय सांगायचं?

"अहो, जरा एका जागी उभे तं राहा!" बायको वैतागली. "एका फोटोत तुमी येऊन नाई राहिले. लोक म्हनतीन, बाई एकटीच फिरून आली!"

शेवटी हॉटेलात परतलो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर प्रभाकरचा फोन आला. आवाज मोठा आनंदी.

"भाऊजी, तुमच्या मनोहररावाचा फोन आलता!"

"काय म्हनाले?"

"म्हनाले, 'समजलो'. अन् अर्धी दाढी ठिवून निंगून गेले."

"फोनवर तुले दाढी कशी दिसली बे?"

"बाजूच्याच खुर्चीत होते ना!"

झालं होतं ते असं. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका सलूनमध्ये प्रभाकर डोळ्यांपर्यंत फेस लावून बसला होता. शेजारच्या खुर्चीत मनोहरराव, तेही फेसात. दोघांनी एकमेकांना आधी कधी पाहिलेलं नव्हतं. मनोहररावांनी मोठ्या उमेदीनं मला थायलंडला फोन लावला, आणि घंटी वाजली शेजाऱ्याच्या खिशात! ते दचकले. फोन कापला, घंटी बंद. पुन्हा लावला, पुन्हा खिशात! तेवढ्यात प्रभाकरनं फोन कानाला लावला आणि समुद्रापलीकडे ऐकू जावं अशा आवाजात ओरडला, "वकीलसाहेब थायलंडले आहेत, निरोप सांगा!"

हातभर अंतरावरून प्रश्न आला, "तुमी कोन?"

"मले वकीलसाहेबच समजा!"

मनोहररावांनी मान वळवून पाहिलं. चेहरा फेसात. पण खाली पोट स्पष्ट दिसत होतं, आणि प्रभाकरचं नि माझं पोट एकाच मापाचं! (दोन्ही माझ्या सासूबाईंनी घडवलेली.) 'समजलो,' एवढं म्हणून ते उठले आणि चालू पडले. ते कोण होते, हे प्रभाकरला मागाहून सलूनवाल्यानं सांगितलं.

म्हणजे मुलीचा बाप थायलंडची थाप मारून अकोल्यात दाढी करत बसलेला! जमत आलेलं लग्न माझ्या पोटापायी मोडत होतं. मी होतो तिथूनच, हॉटेलच्या जेवणघरातून, व्हिडिओ कॉल लावला.

"मनोहरराव, हे पाहा! थायलंड!"

आणि मोबाइल फिरवला. आमच्या टूरवाल्यांनी महाराष्ट्रातून सोबत नेलेला आचारी पिठलं घोटत होता. मागे मराठीत पाटी: 'ताटात हात धुऊ नये'. एक वरूडचे संत्रेवाले काका भाकरीवर ठेचा घेऊन ओरडत होते, "कांदा आना ना कोनी!"

"वकीलसाहेब," मनोहरराव शांतपणे म्हणाले, "हे तं बडनेऱ्याचं मंगल कार्यालय दिसून राहिलं."

तेवढ्यात हॉटेलचा थाई पोऱ्या आला आणि रोज भारतीयांना वाढून शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "भाईसाब, चाय गरम?"

मी मनोहररावांना रस्त्यावरच्या थाई पाट्या दाखवायला बाहेर धावलो. वायफाय सुटलं! आत धावलो, पुन्हा लावला. आता बायकोनं मोबाइल हिसकावला.

"भाऊ, खरंच थायलंड आहे! यायनं फोनचे पैसे वाचवाले माह्या भावाकडं फोन वळवला. त्या सलूनातला मानूस माहा भाऊ व्हय."

मी मनात पेढे वाटले.

"म्हनजे," मनोहरराव हळूच म्हणाले, "इतक्या दूर फिरायले गेले, अन् पोरीच्या लग्नाचा फोन घ्याले पैसे वाचवून राहिले?" मग मागे वळून, पण मला ऐकू येईल असं, त्यांच्या मंडळींना म्हणाले, "थापाड्या सोयरा एकडाव चालते हो. पन कंजूस असन तं वऱ्हाडाले जेवाले काय घालन?"

मी मोबाइलवर झडपच घातली.

"मनोहरराव! बायको माही बाजू सावरून राहिली! खरं सांगू? मी बडनेऱ्यातच आहे! सलूनातही मीच होतो!"

मागे संत्रेवाले काका अजून कांदा मागत होते. देव त्यांचं भलं करो!

"मले वाटलंच!" मनोहरराव खळखळून हसले. "मंग हरकत नाई. थापा तं आमचा मोठा भाऊही मारते. पोरगी पसंत आहे आमाले!"

लग्न झोकात झालं. जेवणावळीत मी हात इतका सैल सोडला की बायकोनं माझी नाडी पाहिली. थायलंडचे फोटो कपाटात कुलूपबंद आहेत, आणि शिक्का बसलेला पासपोर्ट मी जावयाच्या दृष्टीस पडू देत नाही.

गेल्या हिवाळ्यात मनोहरराव म्हणाले, "चाला वकीलसाहेब, आता तुमाले खराखुरा विदेश दाखवतो." विमानात मुख्याध्यापकांनी मला पट्टा कसा बांधायचा ते शिकवलं. मी दोनदा चुकून दाखवलं, आणि तिसऱ्यांदा जमल्यावर त्यांच्याकडून शाबासकी घेतली.